फॉर्म छापला म्हणजे रिपोर्ट झाला?

सोसायटीचे हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ठेवणाऱ्या मंडळींत एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: ‘फॉर्म नीट बनवला की रिपोर्टची गरजच नाही. कंट्रोल-पी दाबा, स्क्रीनवर दिसतं तेच कागदावर येतं. एकाच डेटाचे दोन लेआउट म्हणजे दुप्पट काम, आणि हल्ली छापतं तरी कोण?’

फॉर्म म्हणजे स्क्रीनवर नोंदी भरायची-बघायची खिडकी; रिपोर्ट म्हणजे त्याच नोंदींची छापण्यासाठी केलेली मांडणी. आता एकेक घेऊ.

‘कंट्रोल-पी दाबा.’ दाबलंय मी. एकाच सभासदाची पावती हवी होती. पण प्रिंटच्या खिडकीत ‘निवडलेल्या नोंदी’ हा पर्याय आठवणीने निवडला नाही, तर ॲक्सेस फॉर्ममागच्या सगळ्याच नोंदी प्रिंटरकडे पाठवतं. खजिनदारांनी धावत जाऊन प्रिंटरची पिन काढेपर्यंत अर्धी बी विंग बाहेर पडली होती.

‘दिसतं तेच येतं.’ खरी गोची इथेच आहे. शेऱ्याच्या रकान्यात मजकूर लांबला, तर स्क्रीनवर आपण स्क्रोल करून वाचतो. कागदावर तो चौकटीपाशी कापला जातो. मान्य, मजकुराप्रमाणे चौकट वाढवणारं ‘कॅन ग्रो’ हे सेटिंग फॉर्ममधल्या चौकटीलाही लावता येतं आणि ते छापतानाच कामाला येतं. पण विंगवार गट पाडायचे, प्रत्येक गटाखाली थकबाकीची बेरीज द्यायची, गट पुढच्या पानावर गेला तर विंगचं नाव तिथे पुन्हा आणायचं, ही सोय रिपोर्टातच आहे.

रुंदीचं तर विचारूच नका. ए-४ कागद २१० मिमी. पंचिंग मशीनची भोकं कडेपासून १२ मिमीवर पडतात, म्हणून मी डावीकडे २५ सोडतो, नाहीतर फायलीत लावताना फ्लॅट नंबरच उडतो. उजवीकडे १५. उरले १७०. स्क्रीनवर जागा भरपूर असते, म्हणून फॉर्म ऐसपैस पसरलेला असतो. १७० च्या पुढे एक मिलिमीटर गेला, तरी उरलेला तुकडा पुढच्या पानावर जातो, आणि तिथे काहीच नसेल तर निव्वळ कोरं पान.

‘दुप्पट काम.’ फॉर्म आणि रिपोर्ट दोन्ही एकाच क्वेरीवर (टेबलांतून हवा तो डेटा काढून देणाऱ्या आज्ञेवर) बसवता येतात. थकबाकीवरच्या व्याजाचं सूत्र क्वेरीत लिहिलं की दर एकदाच बदलायचा. शिवाय महाराष्ट्रातल्या सोसायटीला नुसत्या कागदावरच दोन मांडण्या लागतात. ‘आय’ नमुन्यात, म्हणजे सभासद नोंदवहीत, प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पान: पत्ता, प्रवेशाची तारीख, नॉमिनी, शेअर. ‘जे’ नमुन्यात सगळे एकाखाली एक, सरळ यादी. माणसं तीच. या दोन्हींचं काम एक फॉर्म कसा करणार?

‘छापतं कोण?’ ऑडिटरला पीडीएफ पाठवली तरी तिलाही पानं असतातच, त्यामुळे वरचं सगळं तिलाही लागू. राहिला नोटीस बोर्ड. फॉर्मवरच्या बटणांना ‘डिस्प्ले व्हेन’ या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन ओन्ली’ (फक्त स्क्रीनवर) केलं नाही, तर तीही छापली जातात. एका बोर्डावर थकबाकीदाराच्या नावाशेजारी ठसठशीत ‘डिलीट’ छापलेलं मी स्वतः पाहिलंय. खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: ‘कधी?’