व्हाइट पासच्या गाडीतल्या डाव्या खिडक्यांबद्दल

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. अलास्काच्या टूरवर तुम्हाला आणि काकूंना जो त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ॲन्करेजहून डेनालीला जाताना काकूंना गाडीत धड जेवायला मिळालं नाही, ही सर्वस्वी आमची चूक. सात-साडेसात तासांचा प्रवास, शाकाहारी मंडळींची यादी आमच्या ऑफिसातून आधी जायला हवी होती, ती उशिरा गेली. काकूंनी सफरचंद आणि वेफर्सवर दिवस काढला आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

डेनालीचं शिखर दिसलं नाही, हेही खरं. २०,३१० फुटांचा डोंगर तो, उन्हाळ्यातही बहुतेक दिवस ढगातच असतो. जाणाऱ्या तिघांपैकी साधारण एकालाच दिसतो, हे निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं. पण माहितीपत्रकावर पानभर फोटो शिखराचाच आहे. तो बघून पैसे भरलेल्या माणसाला वाईट वाटणारच. डेनाली नॅशनल पार्कातली बस ‘अर्ध्यातून’ परत आणली म्हणता, तर ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स या ठिकाणची दरड सरकल्यापासून पार्कातला ४३ व्या मैलाच्या पुढचा रस्ता बंद होता. सगळ्यांच्याच बस तिथून फिरत होत्या.

हे सगळं मी ऐकून घेईन. पण व्हाइट पासच्या घाटातल्या रेल्वेबद्दल तुम्ही पुढे लिहिलंत, ‘मालकाने आपल्या नातेवाइकांना दरीच्या बाजूच्या खिडक्या दिल्या, आम्ही पूर्ण पैसे भरून खडकाची भिंत बघत बसलो.’ हे वाचल्यापासून मला धड झोप नाही. बारा वर्षं हा धंदा करतोय. जेवण चुकलं, सामान उशिरा आलं, असं लोकांनी लिहिलंय. मी आपपरभाव करतो, असं कुणी लिहिलं नव्हतं.

म्हणून, जिथून ती रेल्वे सुटते त्या स्कॅगवे बंदरातली ती सकाळ नीट सांगतो.

आपली क्रूझची बोट सातला धक्क्याला लागली. गाडी सव्वाआठची. आदल्या रात्री जेवताना मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगितलं होतं की पावणेआठला खाली जमायचं, डब्यात सीट नंबर नसतात, जो आधी चढेल तो बसेल, आणि चढताना दरी डावीकडे असते. माझी मेव्हणी आणि साडू साडेसातलाच खाली येऊन उभे होते. ते दोघंही पूर्ण पैसे भरून आले होते काका, एक रुपयाची सूट नाही, पावती ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा. सातारा-सांगलीकडच्या बहिणी-बहिणींचा जो ग्रुप होता, त्याही वेळेवर होत्या, त्यांनाही डावीकडेच जागा मिळाल्या. त्या तर माझ्या कुणी लागत नाहीत.

तुम्ही दोघं आठ वाजून पाच मिनिटांनी आलात. नाश्त्याला गर्दी होती, काकूंचा गुडघा दुखत होता, मला कळतं. मी तुमची तिकिटं हातात घेऊन शिडीपाशी उभा होतो आणि जोरात हाक मारली. त्याला तुम्ही ‘सगळ्यांसमोर ओरडला’ म्हणालात. धक्क्यावर वारा होता, तुम्ही लांब होतात. तरी आवाज चढला असेल तर त्याची माफी मागतो.

आता डब्यातलं. माझी स्वतःची जागा डावीकडे होती, मेव्हणीच्या मागे. तिथे मी माझी कानटोपी ठेवली होती, काकूंसाठी. काकू त्याच खिडकीशी बसल्या. तुम्ही आणि मी पलीकडे, भिंतीच्या बाजूला. म्हणजे खडक बघत बसलो ते तुम्ही आणि मी दोघंही. आणि तुम्ही तेसुद्धा चढेपर्यंतच. तीन फुटी रुळांचा तो मार्ग, १८९८ ते १९०० मध्ये सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी डोंगर फोडून बांधलेला, वीस मैलांत २,८६५ फुटांवर चढतो. वर गेल्यावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात, सीटच्या पाठी उलट्या फिरवतात आणि कंडक्टर सगळ्यांना समोरच्या बाजूला बसायला सांगतो. कारण हेच, की दरी सगळ्यांच्या वाट्याला यावी. तुम्ही उठून काकूंच्या शेजारी गेलात. काकूंना परत उठवायला नको म्हणून मी जागचा हललो नाही. मेव्हणी आणि साडूही भिंतीच्या बाजूला आले. डेड हॉर्स गल्चला, जिथे त्या काळी सुमारे तीन हजार घोडे-खेचरं मेली, मला बसल्या जागेवरून काही दिसलं नाही. जाताना नाही, येताना नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नसतं.

बोट व्हँकुव्हरलाच का संपवली, कॅनडाच्या व्हिसाचा भुर्दंड का, असंही विचारलंत. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात उतरवता येत नाही, १८८६ चा कायदा आहे त्यांचा. व्हिसाचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला होता.

तुमचा राग तुमच्या जागी बरोबर असेल. पण आम्ही ऑफिसात चौघंच आहोत. अलास्काचा सीझन मे मध्यापासून सप्टेंबर मध्यापर्यंत, वर्षाला दोन ग्रुप जातात, त्यावर आमचं बरंच अवलंबून असतं. परवा एका कुटुंबाने पुढच्या मे महिन्याचं बुकिंग थांबवलं, आणि कारण विचारल्यावर तुमचाच रिव्ह्यू वाचून दाखवला. जेवणाबद्दलचं वाचलं असतं तर मी मान खाली घातली असती. त्यांनी नातेवाइकांचं वाचलं.

पुढच्या वेळी जेवणाची यादी लवकर पाठवू. गाडीतल्या जागांचं काहीतरी ठरवून घेऊ, चिठ्ठ्या टाकू किंवा पाळी लावू, बघतो. माहितीपत्रकावरच्या फोटोखालीही ढगांबद्दल लिहू. त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे परत करतो, ऑफिसला एक फोन करा.

आणखी एक. उतरताना गाडी वळणावर होती, पुढचे डबे खिडकीतून दिसत होते, तेव्हा मी पलीकडून तुमचा दोघांचा फोटो काढला. काकूंनी माझी कानटोपी घातलीय आणि तुम्ही दरीकडे बोट दाखवताय. तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलात म्हणून पाठवायचा राहिला. कुठे पाठवू ते सांगा.