वृद्धाश्रमात फ्लू शिरतो तेव्हा

महाराष्ट्रात वृद्धाश्रमाचा विषय निघाला की चर्चा संस्कारांवर जाते. आईवडिलांना तिथे ठेवावं का, मुलं परदेशी का गेली, चूक कुणाची. परदेशी गेलेल्यांपैकी मीही एक, म्हणून हा वाद मला लागतो. पण जे आजी-आजोबा आजच तिथे राहताहेत, त्यांच्यासाठी मला दुसरंच विचारायचंय : पावसाळ्यात फ्लू आला तर त्या आश्रमात पहिल्या दिवशी काय करतात?

इथे ऑस्ट्रेलियात याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असतं. हिवाळ्यापूर्वी लस, ६५ वर्षं आणि त्यावरच्यांना ती सरकारतर्फे मोफत, आणि कर्मचाऱ्यांसाठी मोफत लशीची सोय करणं २०१८पासून संस्थेवर बंधनकारक. एकामागोमाग माणसं आजारी पडली की ७२ तासांत किती जणांना लागण झाली याचा हिशेब लावून साथ आहे का ते ठरवतात. लगेच तपासणी, आजाऱ्यांची वेगळी व्यवस्था, आणि लक्षणं दिसल्यापासून शक्यतो ४८ तासांच्या आत ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध. उशीर झाला की या औषधाचा उपयोग घटत जातो.

म्हणूनच पहिला आजारी माणूस वेळेत ओळखणं महत्त्वाचं. म्हातारपणी फ्लूमध्ये ताप येईलच असं नाही. आजी जेवत नाहीत, आजोबा अचानक असंबद्ध बोलतात, कुणी तोल जाऊन पडतं. हे डॉक्टरांच्या आधी दिसतं ते रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या सेविकेला. आणि आश्रमात फ्लू येऊ शकतो तोही तिच्यासोबतच, कारण ती रोज बाहेरून येते.

इथली व्यवस्थाही नेमकी याच जागी कच्ची आहे. कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नसलेल्या कामगारांना सहसा भरपगारी आजारपणाची रजा नसते. २०२०मध्ये एकाच वेळी अनेक वृद्धाश्रमांत राबणारी माणसं कोविडच्या साथीत किती मोठा धोका ठरतात हे इथल्या व्हिक्टोरिया राज्याने पाहिलं. नियम कितीही चांगले असोत, खाडा झाला की पैसे कापले जाणार असतील तर खोकणारी बाई कामावर येणारच. तिला दोष देण्यात काय अर्थ?

त्याच साथीत इथे नातेवाइकांना दारातच थांबवलं गेलं, ते मात्र आपण उचलू नये. मास्क लावलेलं एखादं घरचं माणूस आत असलंच पाहिजे. त्याच्या हातून म्हातारं माणूस दोन घास जास्त खातं.

आपण परदेशातून आश्रमांना देणग्या पाठवतो, त्यातून पंखे, फ्रिज, खाटा येतात. यंदा पावसाळ्याआधी मी दोन गोष्टींसाठी पैसे देणार आहे : सगळ्यांची लस, आणि आजारी सेविकेचा घरी बसून मिळणारा पगार.