आप्पांना विचारायला हवं होतं

मागच्या वर्षी श्रावणात माझ्या वडिलांना, आप्पांना, न्यूमोनिया झाला आणि नाशिकमधल्याच एका रुग्णालयात ते अकरा दिवस होते. तिसऱ्या रात्री जीव अगदी टांगणीला लागला असताना मी त्यांचा फोटो काढला आणि ‘आप्पांसाठी प्रार्थना करा’ एवढेच लिहून फेसबुकवर टाकला. नाकाला ऑक्सिजनची नळी, वाढलेली पांढरी दाढी, खांद्यावरून घसरलेला हिरवा गाऊन. सकाळपर्यंत शेकडो लोकांनी धीर दिला आणि त्या धीराचा मला खरोखर आधार वाटला, हे मी नाकारणार नाही.

आप्पा बरे होऊन घरी आल्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला आणि त्याने तो फोटो आपल्या मोबाइलवर त्यांना दाखवला. उन्हाळ्यातही सदऱ्याचे वरचे बटण लावल्याशिवाय वर्गात पाऊल न टाकणारा हा माणूस बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिला. विद्यार्थी गेल्यावर आप्पा मला एवढेच म्हणाले, “मला विचारायचं तरी होतंस गं.” फोटो मी त्याच संध्याकाळी काढून टाकला, परंतु तोपर्यंत तो व्हॉट्सॲपच्या किती गटांत फिरला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मला ठामपणे वाटते की, आपले खासगी आयुष्य जगासमोर मांडण्याचा अधिकार आपला असला, तरी घरातल्या बहुतेक गोष्टी एकट्या आपल्या नसतात. माझे दुःख माझे होते. तो उघडा खांदा आप्पांचा होता. रक्तदाता हवा असेल, तर रक्तगट आणि रुग्णालयाचे नाव पुरते. प्रार्थना हवी असेल, तर दोन ओळी पुरतात. रुग्णाचा चेहरा त्यासाठी लागत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याचे स्वागत केले. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट कंपन्यांना घातली. कायद्याने राखण पालकांकडे दिली आहे, आणि आपणच मुलांच्या शाळेचा गणवेश, बसचा थांबा, वाढदिवसाची तारीख, नापास झाल्यावरचे रडणेसुद्धा सर्वांना दिसेल असे टाकत असू, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते. ते मूल उद्या वीस वर्षांचे होईल आणि त्याचे हे रडणे त्याच्या आधी सगळीकडे पोहोचलेले असेल.

रामकुंडावर मागे एका दशक्रियेला गेले होते. पिंड मांडून सगळे कावळ्याची वाट पाहत होते, मुंडण केलेला मुलगा हात जोडून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर एका नातेवाइकाचा मोबाइल सुरू होता. परदेशातल्या बहिणीला अंत्यविधी दिसावा, म्हणून व्हिडिओ कॉल लावणे मी समजू शकते, किंबहुना ते आवश्यकच आहे. हे मात्र थेट प्रक्षेपण होते आणि त्याखाली अनोळखी लोकांचे हात जोडलेले इमोजी येत होते. पलीकडे गोदेत स्नान करून ओल्या लुगड्याने वर येणाऱ्या बायकाही त्या चौकटीत येत होत्या. त्यांना कोणी विचारले होते? 2027 च्या सिंहस्थात याच घाटावर लाखो मोबाइल असतील, या विचाराने मला आतापासूनच काळजी वाटते.

ही पोस्ट टाकण्यापूर्वी मी ती आप्पांना पूर्ण वाचून दाखवली. त्यांनी दोन वाक्ये काढायला सांगितली. ती काढली आहेत.