शिक्षकांची एम.एस्सी. की सिद्धतांचं पाठांतर?

नोकरी सांभाळून एम.एस्सी. गणित करणाऱ्या शिक्षकांची जी परवड चालली आहे, ती बघून डोकं फिरतं. आधी साधा गुणाकार करा. मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. सत्राला २० श्रेयांक, म्हणजे ६०० तास. सहा महिन्यांत बसवायचे तर रविवार-दिवाळी धरून रोज ३ तास २० मिनिटं. दिवसभर तासिका, मग वह्यांचे गठ्ठे, मार्च-एप्रिलमध्ये दहावीचे पेपर, मधूनच निवडणुकीचं काम. यातून हे तास काढायचे कुठून? अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्यांपैकी एकालाही हा हिशोब करावासा वाटू नये?

मग व्हायचं तेच होतं. मागच्या प्रश्नपत्रिका, एक गाईड आणि हमखास येणाऱ्या दहा-पंधरा सिद्धता. रिअल अ‍ॅनॅलिसिसमधलं बोल्झानो-वायरस्ट्रासचं प्रमेय घोकायचं, ग्रुप थिअरीतली सायलोची प्रमेयं घोकायची, पेपरात ओतायची आणि बाहेर पडायचं. वर ‘वेतनश्रेणीसाठी करतात हो’ म्हणून हिणवायला सगळे मोकळे.

सिद्धता वाचून येत नाही. ती चुकीची लिहावी लागते आणि कितव्या ओळीला मोडली हे कुणीतरी दाखवावं लागतं. १/क्ष हे फल (०, १) वर सतत आहे, पण एकसमान सतत नाही, म्हणजे फलातला फरक एप्सिलॉनच्या आत ठेवायला क्षमधला फरक किती लहान हवा, तो डेल्टा, सगळ्या क्षना मिळून एकच चालत नाही. इथे पहिल्यांदा लिहिणारा बहुतेक जण आपण निवडलेला डेल्टा क्षवर अवलंबून आहे एवढंच दाखवतो आणि ‘झालं सिद्ध’ म्हणतो. त्या एका ओळीखाली लाल रेघ मारली असती तर एप्सिलॉन-डेल्टाचं अर्धं भय संपलं असतं. पण स्वाध्याय परत येतो तो ‘१०पैकी ७’ एवढाच शेरा घेऊन, कित्येकदा येतच नाही. ते ७ कशाचे आणि गेलेले ३ कशाचे, कुणालाच माहीत नाही.

आणि सगळ्यात मोठा राग याचा, की हे गणित शिक्षकाच्या वर्गापर्यंत आणून सोडायची जबाबदारी कुणी घेतच नाही. नववीत १/७चं आवर्ती दशांश रूप शिकवतात: सहा अंक आणि पुन्हा तेच. १/१३लाही सहाच, १/११ला दोनच. का? कारण मूळ संख्या २ किंवा ५ नसेल, तर आवर्तनाची लांबी म्हणजे त्या संख्येच्या शेष-गुणाकाराच्या ग्रुपमधली १०ची ऑर्डर (१०चा कितवा घात पहिल्यांदा शेष १ देतो तो आकडा), आणि लाग्रांजच्या प्रमेयाने ती त्या संख्येहून एकने लहान असलेल्या संख्येला भागणारच. ग्रुप थिअरीच्या पेपरात लाग्रांज असतो, पण १/७ नसतो!

भौमितिक रचनांचंही तेच. ६०, ३०, १५ अंश कंपास-पट्टीने काढता येतात, मग २० का नाही, हा प्रश्न मुलं विचारतात. उत्तर शिक्षकाच्या फील्ड एक्स्टेन्शनच्या (परिमेय संख्यांत नवी संख्या घालून संच वाढवण्याच्या) वहीत पडून आहे: २० अंशाचा कोसाइन ८क्ष³ − ६क्ष − १ = ० या समीकरणाचं मूळ आहे, त्याचं परिमेय मूळ नाही, म्हणून विस्ताराची डिग्री ३, आणि कंपास-पट्टीला फक्त २चे घात पोचतात. फ्रेंच गणितज्ञ वांत्झेलने हे १८३७ साली दाखवलं. दहावीच्या प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते) सिद्धता क्षेत्रफळांवरून जाते. पण पाया √२ असेल तर ‘अर्धा पाया गुणिले उंची’ कशाच्या जोरावर म्हणायचं? तिथे परिमेय संख्या घेत √२च्या हवं तितकं जवळ जाण्याचा सीमेचा युक्तिवाद लागतो. रिअल अ‍ॅनॅलिसिस शिकलेल्या शिक्षकाला ही फट दिसायलाच हवी. ती दिसत नाही, यात दोष त्याचा नाही.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली हेच मांडलं होतं: विद्यापीठात गेल्यावर शाळेचं गणित विसरायला लावतात, आणि शिक्षक होऊन परतल्यावर विद्यापीठाचं गणित निरुपयोगी ठरतं. शंभर वर्षं उलटून गेली. अजून किती वाट बघायची?

मागणी काही अवघड नाही. सत्राला चार श्रेयांकांचे दोनच पेपर द्या. २४० तास, म्हणजे आठवड्याला साधारण नऊ. पदवीला पाच वर्षं लागली तरी लागू देत. प्रत्येक पेपरात एक घटक शालेय गणितावर असावा आणि परीक्षेत त्याला गुण असावेत, नाहीतर तो कुणी शिकवणारच नाही. आठवड्याला एकच सिद्धता हाताने लिहून घ्या, पण चुकलेल्या ओळीवर खूण करून दहा दिवसांत परत द्या. अवघड भाग, म्हणजे मेझर आणि टॉपॉलॉजी, मे महिन्याच्या सुट्टीत समोरासमोर शिकवा. मराठी माध्यमातून आलेल्यांना संज्ञांची दोन्ही भाषांतली यादी पहिल्याच दिवशी हातात द्या. आणि दहावीचे पेपर तपासायला आलेले असताना सत्र परीक्षेचं वेळापत्रक लावणं आधी बंद करा.