11 बाय 6 ची खिंड

परवा मंडळाच्या बैठकीत यंदाच्या चित्ररथाचा विषय निघाला, तेव्हा एका पोरानं मोबाईलवर भाड्यानं मिळणारा देखावा दाखवला. मान हलवणारा घोडा, एलईडीची भिंत, धूर सोडणारं मशीन. सगळं बाहेरगावाहून ट्रकवर येणार आणि मिरवणूक झाली की परत जाणार. वर्गणी बरी जमलीय, घेऊया, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. मी नको म्हटलं. का नको, ते तिथं नीट मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणं. चित्ररथ संध्याकाळी निघतात ते उजाडेपर्यंत चालतात. सजीव देखावे ही त्यातली आमची खरी श्रीमंती. गल्लीतलीच पोरं मावळे होतात, चौकात रथ थांबला की प्रवेश करतात, मग पुढं सरकायचं. ट्रॉली ट्रॅक्टरची, आमची 11 बाय 6 फुटांची. वर विजेच्या तारा, त्यामुळं दोघं जण वेळूच्या काठ्यांनी तारा उचलत पुढं चालतात. मागच्या मंडळाची घाई, म्हणून एका चौकात पाच मिनिटांवर मिळत नाहीत. आणि समोरची गर्दी निम्मी मराठी, निम्मी कन्नड. ही शेवटची अडचण मला सगळ्यांत मोलाची वाटते. बैलहोंगलकडून आलेल्या मावशीला लांबलचक ऐतिहासिक मराठी भाषण काय कळणार? मग भाषण कापावंच लागतं, आणि जे सांगायचं ते हातापायांनी, नजरेनं सांगावं लागतं.

एका वर्षी आम्ही बाजीप्रभू घेतला होता. आमचे बापूमामा म्हणजे पेंटर, देखावा तेच बसवायचे. पोरांना पन्हाळ्याचा वेढा, पालखी, पाऊस सगळंच दाखवायचं होतं. मामा म्हणाले, "नुसती खिंड दाखवा रे. खिंड अरुंद, ट्रॉलीबी अरुंद. आणि काय पायजे?" 13 जुलै 1660. महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत घोडखिंड सोडायची नाही. वाट अरुंद होती म्हणूनच मूठभर माणसांना एवढी फौज अडवता आली. आम्ही दोन्ही बाजूंना गोणपाट ताणलं, त्यावर काव आणि चुना मारून खडक केले. मावळे सात. आठवा उभाच राहू शकत नव्हता.

तिसऱ्या चौकात जनरेटर बंद पडला. उजेड गेला, रेकॉर्डिंग मध्येच तुटलं. संवाद त्यात, तोफाही त्यातच. बाजी झालेला एकोणीस वर्षांचा पोरगा तलवार उगारून तसाच उभा. मी दहा फुटांवरून बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर धरला. तो ट्रॉलीच्या कडेपर्यंत आला आणि थेट गर्दीलाच विचारलं, "तोफ झाली काय?"

कुणी बोलेना. मग एक बारीक आवाज आला, "नाही अजून!" तो वळला, दोन वार केले, धापा टाकत परत कडेला आला. "तोफ झाली काय?" आता पाचपन्नास जण ओरडले, "नाही!" तिसऱ्यांदा अख्खा चौक ओरडला. तेवढ्यात बंद कापड दुकानाच्या पायरीवर उभे असलेले एक कन्नड काका "होडी, होडी", म्हणजे "हाण, हाण" म्हणत मागच्या शटरवर दोन्ही तळव्यांनी धडाम्‌ मारायला लागले. शेजारच्यांनी दुसरं शटर धरलं. तोफा झाल्या. पोरानं हसून मुजरा केला आणि कोसळला. माझ्या हातातली बॅटरी थरथरत होती.

पुढच्या वर्षी रेकॉर्डिंगमधून आम्ही तोफ मुद्दाम काढली. पण नुसती जागा रिकामी सोडून भागत नाही, हे तेव्हा कळलं. पहिल्या चौकात रथ गर्दीपासून लांब थांबला आणि सगळे नुसते बघत राहिले. मग मामांनी बसवून दिलं. रथ शटरांजवळच थांबवायचा. प्रश्न इतका सोपा की मराठी न येणाऱ्यालाही पोराच्या तोंडाकडे बघून कळावा. आणि तो तीनदा विचारायचा, कारण पहिल्यांदा माणूस लाजतो, दुसऱ्यांदा शेजाऱ्याकडे बघतो, तिसऱ्यांदाच त्याचा आवाज फुटतो.

हे काही आमचं नवं डोकं नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, गोकाककडे, कुलगोड तम्मण्णांनी गाजवलेलं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघा. त्यातला भागवत, म्हणजे सूत्रधार, पात्रांना अडवून प्रश्न विचारतो, बघणाऱ्याच्या मनात असतात तेच. दिवाळीत पोरं दारात किल्ला करतात तेव्हाही तसंच. दगड-माती कमी पडली की येणारा-जाणारा वाकून हात लावतो, एखादी आजी हळीव कुठं पेरायचं ते सांगते.

भाड्याच्या देखाव्यात घोडा हलतो, धूर येतो, आवाज घुमतो. सगळं पुरं झालेलं असतं. बघणाऱ्याला मोबाईल वर धरण्यापलीकडं काही करायला ठेवलेलंच नसतं. पैसे आलेत तर जनरेटर चांगला घेऊया, पोरांच्या जेवणाचं बघूया, दोन जादा काठीवाले ठेवूया. ट्रॉली मात्र तेवढीच असूदे. आणि माझ्या मते सगळ्याच मंडळांनी बसून ठरवावं की एका मंडळाची एकच ट्रॉली, आणि वरची माणसं गल्लीतलीच.

बैठक रविवारी परत आहे. काल त्या कापड दुकानावरून गेलो, तर काकांनी हाक मारून थांबवलं आणि विचारलं, यंदा रथ किती वाजता येणार, शटर लवकर ओढून ठेवतो.