सर्व्हेयरसाहेब म्हणतील तसं

विमा कंपनीला हवाहवासा वाटणारा ग्राहक होणं अजिबात अवघड नाही. फक्त तयारी अपघाताच्या बरीच आधी, पॉलिसी रिन्यू करताना सुरू करावी लागते. एजंट विचारेल, "आयडीव्ही जरा खाली घेऊ का? हजारभर वाचतील." लगेच मान डोलवा. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर हातात पडू शकणारी कमाल रक्कम. पण जाते ती नेहमी शेजाऱ्याची गाडी, तुमची कशाला जाईल? घसाऱ्याच्या, म्हणजे वयानुसार घटणाऱ्या किमतीच्या, तक्त्यानुसार चार वर्षं उलटलेल्या गाडीची आयडीव्ही शोरूम किमतीच्या निम्म्यावर येते. म्हणजे दहा लाखांच्या गाडीचे आधीच पाच लाख झालेत. ते साडेचारवर आणून ठेवा. झीरो डेपही, म्हणजे बदललेल्या पार्टवरचा घसारा कापू न देणारी जोड, काढून टाका, तो काय कामाचा? वाचलेल्या पैशांत सहकुटुंब मिसळ खाऊन या. वर्षभरातली ही सगळ्यात महाग मिसळ ठरेल, पण ते बिल यायला वेळ आहे.

गाडी ठोकली की फोटो काढू नका. नंबर प्लेट दिसणारे चारही बाजूंचे फोटो, ओडोमीटर, रस्त्यावर सांडलेलं ऑइल, समोरच्या गाडीचा नंबर ही रिकामटेकड्या लोकांची कामं. गाडी पावसाच्या पाण्यात बंद पडली असेल तर मात्र थांबू नका, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारा. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि बिचारा कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान अपघाताचं नसून तुमच्या करणीचं आहे, असं लिहायला कंपनीला त्यामुळे किती सोपं जातं! इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे अशा नुकसानीसाठीची विम्याची जोड, घेतलेलं नसेल तर दुधात साखर.

कंपनीला कळवायची घाई नको. आधी गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे उघडून टाका, म्हणजे कुठला तडा अपघातातला आणि कुठला पान्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गाडी मेहुणा चालवत होता आणि त्याचं लायसन्स संपलेलं आहे? मग फॉर्मवर स्वतःचं नाव घाला. दवाखान्याच्या कागदांवर आणि पोलिसांच्या नोंदीत मेहुण्याचं असू दे. दोन नावं जुळली नाहीत की तपासनीस घरी येतो, चहा पितो, आणि क्लेम नाकारायला कंपनीला पक्कं कारण मिळतं. कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं पुण्य तुमच्या खात्यावर जमा.

वर्कशॉपमधला सर्व्हिस ॲडव्हायझर क्लेम फॉर्म पुढे सरकवील. पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सह्या करा, बाकीचं तो भरेल. पहिलं एस्टिमेट गाडी न खोलता, वरवर बघून केलेलं असतं. आतला रेडिएटर सपोर्ट, एप्रन, वायरिंग, एअरबॅगचं मॉड्यूल हे सगळं गाडी खोलल्यावर दिसतं आणि त्यासाठी पुरवणी एस्टिमेट लागतं. नुकसान मोजायला कंपनीनं नेमलेल्या सर्व्हेयरनं ते आतलं नुकसान पाहण्याआधीच काम उरकून घ्या. बदललेले जुने पार्ट भंगारवाल्याला देऊन टाका. फेरतपासणीला सर्व्हेयर आला आणि त्यानं "जुना कंडेन्सर दाखवा" म्हटलं, की आकाशाकडे बघा.

सर्व्हेयर हा परवानाधारक माणूस, त्याची फी कंपनी देते आणि त्याच्याशी वाद घालणं असभ्यपणाचं. "दरवाजा बदलायला नको, डेंटिंग करून बसेल" असं तो म्हणाला तर बसेल. दरवाजाशेजारच्या खांबाचा वाकलेला पत्रा ओढून सरळ होईल म्हणाला तर होईल. दरवाजाची फट वरून तीन आणि खालून नऊ मिलिमीटर राहिली तरी हवा खेळती राहते. पत्रा बदलायचा की ओढायचा यावर लेखी हरकत घेता येते, गाडी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्ती पुस्तिका दाखवून तो भाग ओढण्याजोगा नाही असं वर्कशॉपकडून लिहून मागता येतं, पण तुम्ही तसले नाही. अहवालाची प्रतही मागू नका. मागितली तर द्यावी लागते, आणि उगाच त्यांना झेरॉक्सचा खर्च.

2024 पासूनचे नियम सांगतात, की क्लेम कळवल्यावर 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत यायचा आणि मग 7 दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. या तारखा कॅलेंडरवर लिहू नका. दोन महिन्यांनी "फाइल हेड ऑफिसला गेलीय" असं ऐकलं की फाइलला प्रवास मानवला का, तेवढं विचारा.

आता घसारा. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट 50 टक्के कापतात, मग गाडी काल घेतलेली का असेना. फायबरवर 30 टक्के, काचेवर शून्य. पत्रा आणि इतर लोखंडी भाग गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35, दहा वर्षांपुढे 50 टक्के. रंगाची गंमत वेगळी. घसारा मजुरीवर नसतो, फक्त रंगाच्या मालावर 50 टक्के. बिल एकत्र असेल तर त्यातला 25 टक्के भाग माल धरायचा. म्हणजे 20,000 च्या पेंटिंग बिलात माल 5,000 चा आणि कपात 2,500 ची. तुमच्या बिलात सरळ 10,000 कापलेले दिसले तर कॅल्क्युलेटर काढू नका. मोठ्या माणसांच्या आकडेमोडीत लहानांनी बोलू नये.

खरी मेजवानी पुढे आहे, टोटल लॉसची. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी गेली असं धरायचं. सोपं वाटतं ना? पॉलिसीत मध्येच चार शब्द आहेत, "पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून". समजा तुमच्या साडेचार लाख आयडीव्हीच्या गाडीचं एस्टिमेट 3,90,000 आलं. रेघ 3,37,500 वर आहे, म्हणजे टोटल लॉस. थांबा! कंपनी म्हणेल, आधी घसारा वजा करू. प्लॅस्टिक आणि एअरबॅग निम्म्यावर, पत्रा 35 टक्क्यांनी खाली, आणि कंपनीचं देणं उरलं 2,65,000. रेघेच्या खाली, म्हणून दुरुस्तीच. वरचे भरायचे 1,25,000 तुमचे, आणि सांधे मारलेल्या चेसिसची गाडीही तुमचीच. झीरो डेप असता तर हीच गाडी रेघेच्या पार गेली असती. मिसळ आठवतेय ना?

उलटही घडतं. गाडी दुरुस्त व्हावी असं तुम्हाला वाटत असतं, पण साडेचार लाखांच्या आयडीव्हीची रेघ इतकी खाली असते की दोन-तीन पार्ट वाढले तरी गाडी "गेली", आणि हातात येतात घटवलेल्या आयडीव्हीचेच पैसे. मध्यममार्गही आहे. "दुरुस्ती नको असेल तर कॅश लॉस घ्या, म्हणजे सरळ रोख रक्कम," असं गोड आवाजात सांगितलं जाईल. तो आकडा कसा काढला हे विचारू नका, ओळीओळीचा हिशेब मागू नका. इकडे वर्कशॉपही गाडी खोलल्याचे, एस्टिमेटचे आणि उभं राहण्याचे रोजचे पैसे लावून बसलेलं असतं. वाट बघायला लावणं हीही सौदा करण्याचीच पद्धत आहे, असं मनात येऊ देऊ नका. क्रेनवाल्यानं द्रुतगती मार्गावरून गाडी आणायचे पाच आकडी पैसे घेतले असतील, तर नेहमीच्या पॉलिसीत कारसाठी टोइंगचे 1,500 मिळतात, त्यात खुश राहा.

गाडीवर कर्ज असेल तर चेक आधी बँकेकडे जातो. बँकेची बाकी पाच लाख आणि आयडीव्ही साडेचार, तर नसलेल्या गाडीचे हप्ते भरत राहा. व्यायाम म्हणून रोज स्टेशनपर्यंत चाला.

शेवटी येतो "पूर्ण व अंतिम समाधान" लिहिलेला व्हाउचर. आकडा पटला नाही तर "हरकत राखून स्वीकारले" असं लिहून, वेगळं पत्र देऊन पैसे घेता येतात, पण अक्षर खराब असेल तर नुसती सही करा. विमा लोकपालाकडे तर चुकूनही जाऊ नका. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. असली एकतर्फी व्यवस्था सभ्य माणसाला शोभत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवस वाट, आणि नकारापासून वर्षाच्या आत अर्ज, एवढी कटकट कोण करणार? 2009 मध्ये एका ट्रकच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सर्व्हेयरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असं म्हटलं. ते कोर्टाचं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

राहिली ती भंगार झालेली गाडी. कंपनी ऑनलाइन बोली मागवते, एक आरसीसकट, एक आरसीशिवाय. आरसीसकट बोली घसघशीत असते. का, हे विचारू नका. बिनचेहऱ्याचा खरेदीदार येईल, नाव हस्तांतराच्या 29 आणि 30 नंबरच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या मागेल. द्या. गाडी नष्ट झाल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, नाव हस्तांतर झालं का ते बघायचं असतं, आणि आरटीओच्या वहीत ज्याचं नाव तोच मालक, असं 2018 साली सर्वोच्च न्यायालय सांगून बसलंय. विसरा. चार महिन्यांनी मोबाइलवर ई-चलान येईल, तुमच्या नंबरच्या गाडीनं दुसऱ्याच राज्यात भरधाव जाऊन सिग्नल तोडल्याचं. जी गाडी दुरुस्तच होणार नाही असं सर्व्हेयरसाहेबांनी लिहून दिलं होतं, तिची तब्येत एवढी सुधारलेली पाहून दंड लगेच भरा.