जड ग्लायडरवर अन्याय झाला का?

हलक्या आणि जड अशा दोन रिमोट-कंट्रोल ग्लायडर मॉडेलांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सूर जरा तिरकस आहे, पण मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे उत्तर दोन ओळींत आटोपणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सारख्याच पंखांच्या दोन मॉडेलांत मी हलक्याला झुकतं माप दिलं, जडाचा सीजी (गुरुत्वमध्य) पुढे ठेवून त्याला आधीच लंगडं केलं, वाऱ्याचा विचार केला नाही, आणि वजनाने ग्लाइड रेशो (एक मीटर उतरताना मॉडेल किती मीटर पुढे जातं तो आकडा) बदलत नाही हे मला ठाऊकच नाही.

शेवटचं आधी घेतो. रेशो बदलत नाही, कबूल. उलट वेगाबरोबर रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि पंखाच्या आकारावरून हवा पंखावरून कशी वाहेल ते सांगणारा आकडा) वाढतो आणि एवढ्याशा पंखांना त्याचा थोडा फायदाच होतो. पण रेशो तोच राहून वेग वाढला, तर सिंक, म्हणजे खाली उतरण्याचा वेगही, त्याच पटीत वाढतो. हलक्याचं विंग लोडिंग (पंखाच्या क्षेत्रफळामागचं वजन) 25 ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर, जडाचं 36. वजन 44 टक्के जास्त, म्हणून वेग वर्गमुळाच्या हिशेबाने 20 टक्के जास्त. जड मॉडेल तितकंच लांब जाईल, पण हवेत कमी वेळ राहील. लेखात मी वेळच मोजली होती.

आणि खरी गंमत सरळ उडताना नाही, वळताना आहे. 30 अंश बँक (वळताना बाजूला कलणं) धरा. सेकंदाला 8 मीटर वेगाने हलकं मॉडेल सुमारे 11 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतं, 9.6 मीटरने जाणारं जड 16 मीटरचं. कमी उंचीवरचं थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत) अरुंद असतं. हलकं त्याच्या गाभ्यात मावतं; जडाचं वर्तुळ कडेच्या खाली जाणाऱ्या हवेत घुसतं. बँक वाढवून वर्तुळ आवळता येतं, पण मग सिंक वाढतो, म्हणजे मिळवलं तेवढं घालवलं. एफ5जे या इलेक्ट्रिक मोटरच्या ग्लायडरांच्या स्पर्धेत 200 मीटरपर्यंतच्या लाँच उंचीला (मोटरने चढलेल्या उंचीला) दर मीटरमागे अर्धा गुण जातो, म्हणून कमी उंचीवरूनच थर्मल पकडावं लागतं. तिथले लोक ग्रॅमाग्रॅमसाठी का भांडतात, ते यावरून कळेल.

आता सीजी. माहितीपुस्तिकेतल्या आकड्यावर आम्ही थांबलोच नव्हतो. मॉडेल नाक खाली करून 45 अंशांच्या डाइव्हमध्ये घालायचं आणि स्टिक सोडायची. जड मॉडेल सुरुवातीला झटकन नाक वर काढत होतं, म्हणजे सीजी खरंच फार पुढे होता. एलेव्हेटरची (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची) मागची कडही नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी वर ट्रिम केलेली (स्टिक न धरता तशीच राहील अशी बसवलेली) होती. नाकातलं शिसं चिमूटभर काढायचं, ट्रिम लावायचं, पुन्हा डाइव्ह. शेवटी ते लांब, सैल कमानीत वर यायला लागलं, तिथे थांबलो. आणखी मागे नेलं असतं तर थर्मलचा धक्का जास्त स्पष्ट कळला असता, हे खरं, पण लँडिंगला क्रो (पंखांच्या पट्ट्या वर-खाली करून लावलेला ब्रेक) लावल्यावर पिच (नाकाचं वर-खाली होणं) सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले असते.

वाऱ्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के तुमचा. दोघांचा रेशो 15 धरा, उंची 50 मीटर, समोरून सेकंदाला 6 मीटर वारा. हलकं जेमतेम 190 मीटर परत येईल, जड 280. अशा दिवशी हलकं मॉडेल थर्मलमागे वाऱ्याबरोबर लांब सोडायचं, तर झाडावर चढायची तयारी ठेवावी.

म्हणून हलक्यात बॅलास्ट (जादा वजन) घालून 36 च्या विंग लोडिंगवर दोघांना पुन्हा तोलायची तुमची सूचना घेतो. बॅलास्टची नळी सीजीच्या जराशी पुढे आहे, तेव्हा ट्रिमचं काम नव्याने आलं. शिवाय त्या वजनावर स्पार (पंखातला मुख्य दांडा) किती वाकतो हे साध्या वळणांत बघितल्याशिवाय मी डाइव्ह मारणार नाही.